परक्या गावचा आपला माणूस : दलीपसिंग सौंद

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिका घरोघर पोहोचल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारले, की गणपतीच्या मांडवात अमेरिकेतल्या माजी खासदाराचे चरित्र कशाला? तेही पंजाबी माणसाचे? विचारणे रास्त आहे. अभ्यास गटातले आम्ही चौघे गेले काही महिने या माणसाविषयी वाचतो आहोत. मजकूर चौघांचा आहे, वाचणारा एक आहे. तेव्हा चुकले तर चौघांना विचारा, आवडले तर वाचणाऱ्याला सांगा.

आपल्यापैकी बऱ्याच घराण्यांना बडोद्यात दीडशे, दोनशे वर्षे झाली. काहींचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर आले, काहींचे सयाजीराव महाराजांच्या काळात शाळा-कचेऱ्यांतून नोकरीला लागले. तरीही नवा माणूस ओळख झाल्या झाल्या विचारतो, तुम्ही मूळचे कुठले? आणि आपणही इमानेइतबारे वाई, राजापूर, सातारा असे काहीतरी सांगतो. त्यातल्या कित्येक गावांत आपण पाऊलही ठेवलेले नसते. उलट पुण्याला लग्नकार्याला गेलो की आपल्या बोलण्यातला गुजराती हेल ऐकून तिथली मंडळी हसतात. एखाद्या गावचे होण्यासाठी माणसाला किती वर्षे लागतात आणि ते ठरवायचे कुणी, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्याकडे तो गप्पांतला प्रश्न आहे. दलीपसिंग सौंद यांच्या आयुष्यात तो कायद्याचा प्रश्न होता, आणि त्याच्या तारखा नोंदलेल्या आहेत.

सौंद यांचा जन्म २० सप्टेंबर १८९९ रोजी अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवडी या खेड्यात झाला. आईवडिलांना शिक्षण नव्हते, पण वडील आणि चुलते सरकारी कामांचे ठेकेदार होते, घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलांना शिकवायचे एवढे मात्र घरच्यांनी पक्के ठरवलेले होते. जम्मूचे प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेज, मग पंजाब विद्यापीठाची गणितातली पदवी, असे दलीपसिंगांचे शिक्षण झाले. पदवीचे साल १९१९. अमृतसर जिल्हा आणि १९१९ म्हटल्यावर जालियनवाला बागेविषयी वेगळे सांगायला नको. गांधीजींचे लेख आणि लिंकनची, विल्सनची भाषणे वाचणारा हा विद्यार्थी त्या वातावरणात वाढला.

१९२० साली ते अमेरिकेला निघाले. घरी सांगितलेला बेत साधा होता : फळे आणि भाज्या डबाबंद करण्याचे शास्त्र शिकायचे, दोनतीन वर्षांत परत यायचे आणि पंजाबात कारखाना काढायचा. असे बेत आपल्या ओळखीचे आहेत. मुले दोन वर्षांसाठी म्हणून जातात. सप्टेंबर १९२० मध्ये ते न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरले. कागदांवर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याने हस्तांदोलन करून, आता तुम्ही स्वतंत्र देशातले स्वतंत्र माणूस आहात, अशा अर्थाचे काही म्हटले. हा प्रसंग सौंद जन्मभर विसरले नाहीत. त्या अधिकाऱ्याच्या मनात खोट नव्हती. पण त्याच्या देशाच्या कायद्यात काय लिहिले होते, ते लवकरच कळायचे होते.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात सौंद शेतीखात्यात दाखल झाले, पण मन गणितात होते. १९२२ साली एम. ए. आणि १९२४ साली पीएच. डी., दोन्ही गणितात. सुट्ट्यांत डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत मजुरी. स्टॉक्टनच्या गुरुद्वाऱ्याने विद्यार्थ्यांसाठी बर्कलीत एक घर चालवले होते, तिथे ते राहत. स्टॉक्टनचा हा गुरुद्वारा १९१२ सालचा, अमेरिकेतला पहिला. धर्मस्थळ, खानावळ, वसतिगृह आणि राजकारणाचा अड्डा असे सारे तिथे एकाच छताखाली होते. गदर चळवळीची मंडळी तिथे येत. त्या चळवळीत आपलेही लोक होते : तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे, ज्यांना कर्तारसिंग सराभांबरोबर नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली, आणि वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे, जे अमेरिकेत शेती शिकले आणि पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. सौंद अमेरिकेत पोहोचले तेव्हा ही पिढी पांगली होती, पण तिची आठवण ताजी होती.

आता कायद्याकडे येतो. इथे थोडे थांबावे लागेल, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशातून आलेल्या माणसाला नागरिकत्व मिळवायचे असेल तर तो 'गोरा' असावा लागे, किंवा आफ्रिकन वंशाचा. मग हिंदुस्थानी माणूस कोण? भगतसिंग थिंद नावाचे एक पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद असा, की मानववंशशास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातले उच्चवर्णीय आर्य आहेत, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरे. एका देशातला वर्णभेद चुकवण्यासाठी दुसऱ्या देशातली जात पुढे करायची, हा युक्तिवाद आज वाचताना संकोच वाटतो. तो वाटावाच. १९२३ साली न्यायालयाने निकाल दिला, की शास्त्र काहीही म्हणो, साध्या माणसाच्या समजुतीत हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलंड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, म्हणजे बाहेरूनच आलेले.

निकाल एवढ्यावर थांबला नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेण्यासाठी सरकारने दावे लावले. वैष्णो दास बगाई नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे एक व्यापारी होते. त्यांनी ब्रिटिश सत्ता नको म्हणून देश सोडला होता. अमेरिकन नागरिकत्व गेल्यावर हिंदुस्थानात नातलगांना भेटायला जायचे तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असे त्यांना सांगितले गेले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली.

याच यादीत आणखी एक नाव आहे, सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून या मांडवातले कान टवकारले असतील, आमचेही टवकारले होते. हे अहमदाबादकडून गेलेले, लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे गृहस्थ. १९१४ साली नागरिक झाले होते आणि थिंद यांच्या खटल्यातल्या वकिलांपैकी एक होते. थिंद हरले आणि सरकारने पंडितांवरच दावा लावला. पंडितांचे म्हणणे सरळ होते. तुमच्याच न्यायालयाने मला नागरिक केले, त्या भरवशावर मी वकिली उभी केली, लग्न केले, घर केले. आता इतक्या वर्षांनी ते मोडता येणार नाही. हे म्हणणे कोर्टाने मान्य केले, १९२६ साली वरच्या कोर्टानेही उचलून धरले आणि मग सरकारने बाकीचे तसले दावे रेटणे सोडून दिले. आपल्या मुलांना या माणसाचे नाव माहीत असायला हवे, असे आम्हाला वाटते.

सौंद यांच्याकडे मात्र काढून घेण्यासारखे नागरिकत्वच नव्हते. १९२४ साली गणितातली सर्वोच्च पदवी हातात होती आणि कॅलिफोर्नियात तिचा उपयोग शून्य होता. हिंदुस्थानी माणसाला त्या वेळी खुला असलेला धंदा म्हणजे शेती. १९२५ साली ते दक्षिण कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल व्हॅलीत गेले आणि कापूस वेचणाऱ्या टोळीचे मुकादम झाले.

ही इंपीरियल व्हॅली मेक्सिकोच्या सीमेला लागून आहे. मुळात वाळवंट, बराचसा भाग समुद्रसपाटीच्याही खाली. कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणून तिथे शेती उभी केली. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. आपल्या वैशाखाची तक्रार करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. कापूस, लेट्यूस नावाची पानभाजी, गुरांसाठी लसूणघास अशी पिके. पंजाबी शेतकऱ्यांना कालव्याच्या पाण्यावरची शेती घरचीच. तिथल्या अनेक पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली आणि मक्याच्या भाकरीवर दोन्हीकडची एकवाक्यता झाली. त्यांची नातवंडे आजही त्या भागात आहेत.

पण जमीन? कॅलिफोर्नियाच्या १९१३ आणि १९२० च्या कायद्यांनी, ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नव्हती, खंडानेही करता येत नव्हती. मग व्यवहार व्हायचे ते एखाद्या गोऱ्या मित्राच्या नावावर, किंवा तोंडी. शब्दावर सगळे चाले. मित्र फिरला तर पीक गेले, आणि दाद मागायला कोर्ट नाही. अशा काळात, १९२८ साली, मेरियन कोसा यांनी सौंद यांच्याशी लग्न केले. नागरिकत्वाला अपात्र पुरुषाशी लग्न केले तर अमेरिकन स्त्रीचेही नागरिकत्व जावे, असा तेव्हा कायदा होता. ती तरतूद १९३१ साली गेली. दोघांना तीन मुले झाली, एक मुलगा आणि दोन मुली.

मंदी आली. भाजीपाल्याचे भाव कोसळले आणि सौंद कर्जात बुडाले. दिवाळे जाहीर करण्याची सोय कायद्यात होती, शेजारच्या अनेकांनी ती घेतलीही. सौंद यांनी घेतली नाही. काही वर्षे लावून त्यांनी प्रत्येक देणे फेडले. आम्हा चौघांत या मुद्द्यावर वाद झाला. आमच्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचे म्हणणे, की दिवाळे काढण्यात कमीपणा काही नाही, ती कायद्याची सोयच आहे. बरोबर आहे. पण ज्याचा सगळा कारभार तोंडी शब्दावर चालतो, त्याच्यापाशी दुसरे भांडवल कोणते? वेस्टमोरलंड या छोट्या गावातल्या दुकानदारांनी आणि शेतकऱ्यांनी हा माणूस देणे बुडवत नाही हे पाहून ठेवले. वीस वर्षांनी मते पडली ती याच लोकांची.

याच वर्षांत त्यांचे दुसरे काम चालू होते. १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंचे 'मदर इंडिया' निघाले. आपल्या जुन्या पिढीला ते नाव ऐकून अजून कढ येतो. लाला लजपतराय यांनी 'अनहॅपी इंडिया' लिहून त्याला उत्तर दिले. अमेरिकेतून सौंद यांनी १९३० साली 'माय मदर इंडिया' हे पुस्तक लिहिले, ते स्टॉक्टनच्या गुरुद्वाऱ्याच्या सांगण्यावरून. दिवसा शेत आणि संध्याकाळी चर्चमध्ये, क्लबांत, जिथे बोलावतील तिथे हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यावर भाषण. इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून नव्हे, तर लोक ऐकून घेत म्हणून ते बोलत राहिले. त्यातून त्यांना गावातल्या माणसांची नावे, मुलेबाळे, पीकपाणी सगळे माहीत झाले. मत देण्याचा हक्क नसलेला हा माणूस निवडणुकीत कोण उभे आहे, कुणाला मत द्यावे, यावर पोटतिडकीने बोलायचा. डेमोक्रॅटिक पक्षाच्या बैठकांना जायचा. गणित शिकलेला असून हा हिशेब त्याला कळत नव्हता असे नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि वारा थोडा बदलला. हिंदुस्थान आता दोस्तांच्या बाजूने लढत होता. १९४२ साली सौंद यांनी इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था उभी केली आणि तिचे अध्यक्ष झाले. मागणी एकच, हिंदुस्थानी माणसाला नागरिक होण्याचा हक्क. खेड्यापाड्यांतल्या पंजाबी शेतकऱ्यांकडून वर्गणी गोळा करायची आणि वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा करायचा. न्यूयॉर्कला जे. जे. सिंग यांची इंडिया लीग हेच काम करत होती. अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, दोघांनी विधेयक लावून धरले : रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे इमॅन्युएल सेलर. चार वर्षांच्या खटपटीनंतर २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. नव्याने येणाऱ्या हिंदुस्थानी लोकांसाठी दर वर्षी जागा किती? शंभर. चाळीस कोटींच्या देशाला शंभर. तरीही लोकांनी पेढे वाटले असतील, आणि वाटावेतच.

१६ डिसेंबर १९४९ रोजी दलीपसिंग सौंद अमेरिकेचे नागरिक झाले. देशात पाऊल ठेवून एकोणतीस वर्षे झाली होती, वय पन्नास. आपली मुले तिकडे ग्रीन कार्डासाठी दहा-पंधरा वर्षे थांबतात आणि आपण इथे कॅलेंडरवर खुणा करतो, म्हणून हा आकडा आम्हाला लागला.

नागरिक झाल्यावर सौंद थांबले नाहीत, हे सांगायला नकोच. १९५० साली ते वेस्टमोरलंडच्या न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत निवडून आले. तिथे खालच्या कोर्टाचे न्यायाधीश लोक निवडून देतात. पण नागरिकत्वाला वर्ष पूर्ण झालेले नव्हते, म्हणून निवड रद्द झाली. १९५२ साली पुन्हा उभे राहिले, पुन्हा निवडून आले. त्या प्रचारात खानावळीत एकाने त्यांना चारचौघांत विचारले, की तुम्ही जज्ज झालात तर तुमच्या कोर्टात येताना आम्ही पगड्या विकत आणायच्या की तुम्ही पुरवणार? सौंद स्वतः तेव्हा पगडी बांधत नव्हते. ते हसून म्हणाले, की माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणेघेणे नाही, डोक्यात काय आहे तेवढे मी पाहतो. खानावळ हसली आणि हा किस्सा गावभर झाला. चिडले असते तर हरले असते, असे आमचे मत. न्यायाधीश म्हणून त्यांनी गावातले कुंटणखाने आणि अमली पदार्थांचा धंदा यांना चाप लावला. जोडीला खताचा व्यवसाय चालू होता.

१९५६ साली त्यांच्या भागातले खासदार निवृत्त झाले आणि सौंद यांनी प्रतिनिधिगृहासाठी अर्ज भरला. रिव्हरसाइड आणि इंपीरियल हे दोन जिल्हे मिळून एकोणतिसावा मतदारसंघ. जागा रिपब्लिकन पक्षाची. त्यांच्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्याने कोर्टात हरकत घेतली, की राज्यघटनेप्रमाणे उमेदवार सात वर्षे नागरिक असावा लागतो. हिशेब करा : सात वर्षे १६ डिसेंबर १९५६ ला पुरी होणार होती, आणि नवे सभागृह ३ जानेवारी १९५७ ला भरणार होते. अठरा दिवसांचा फरक. हरकत टिकली नाही.

विरोधात कोण होते? जॅकलिन कॉक्रन. १९५३ साली ध्वनीचा वेग ओलांडणारी जगातली पहिली स्त्री वैमानिक, महायुद्धात स्त्री वैमानिकांच्या दलाची प्रमुख, एका कोट्यधीशाची पत्नी आणि अध्यक्ष आयसेनहॉवर यांची स्नेही. प्रचाराला स्वतः विमान चालवत जायच्या. त्यांच्याविषयी वाचताना आम्हाला त्यांचेही कौतुक वाटले. फार गरिबीतून वर आलेली बाई. देशभरच्या वर्तमानपत्रांना ही लढत म्हणजे मेजवानी होती. एकीकडे हिंदुस्थानी माणूस, एकीकडे बाई, आणि दोघांपैकी कुणीही जिंकले तरी नवल.

सौंद यांच्या बाजूने घरचे लोक होते. मेरियन आणि मुली दारोदार फिरल्या, नवे मतदार नोंदवले. गावोगाव मोकळ्यावर जेवणावळी घातल्या. मुलगा कोरियाच्या युद्धात लष्करी अधिकारी होता. त्या नोव्हेंबरात आयसेनहॉवर देशभर प्रचंड मतांनी पुन्हा निवडून आले. त्याच लाटेत, त्यांच्याच पक्षाच्या जागेवर, त्यांच्याच मैत्रिणीला हरवून सौंद तीन हजारांहून थोड्या अधिक मतांनी जिंकले. अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेला आशियाई वंशाचा हा पहिला माणूस.

नव्या सदस्याला सहसा मिळत नाही ती परराष्ट्र व्यवहार समिती त्यांना मिळाली. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला त्यांनी मत दिले. प्रचारात त्यांनी एक वचन दिले होते, की निवडून आलो तर हिंदुस्थानात आणि आशियात जाऊन सांगेन, पाहा, मी इथे उभा आहे, अमेरिकेत हे घडू शकते. १९५७ च्या अखेरीस पत्नी आणि मुलीला घेऊन त्यांनी जपानपासून भारत-पाकिस्तानपर्यंत दौरा केला, आपल्या खेड्यातही जाऊन आले. गावाने सत्कार केला.

या दौऱ्याबद्दल मात्र आमचे मन दुभंगलेले आहे. काही महिन्यांपूर्वीच लिटल रॉक इथे नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यासाठी लष्कराचा पहारा लागला होता. आशियातल्या पत्रकारांनी ते विचारले आणि सौंद यांनी उत्तरादाखल स्वतःकडे बोट दाखवले. रशियाशी शीतयुद्ध चालू असताना अमेरिकन सरकारला असा माणूस दाखवायला सोयीचा होता, हे उघड आहे. वापर झाला का? झाला. पण ज्या माणसाने १९२३ चा निकाल स्वतःच्या अंगावर सोसला, तो कायदा बदलून घेण्यासाठी वर्षे घालवली आणि मग त्याच देशाची बाजू मांडली, त्याला भोळा म्हणवत नाही. हुकूमशहांना आणि मूठभर श्रीमंतांना पोसणाऱ्या परदेशी मदतीवर तो सभागृहात टीकाही करत होता. आमच्यातल्या दोघांना हे पुरेसे वाटते, दोघांना नाही. तुम्ही वाचा आणि ठरवा. १९६० साली निघालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव आहे 'काँग्रेसमन फ्रॉम इंडिया'. कॅलिफोर्नियाचा काँग्रेसमन स्वतःला हिंदुस्थानचा म्हणवतो आणि मतदारांना ते खुपत नाही. १९५८ मध्ये आणि १९६० मध्ये त्यांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

मे १९६२ मध्ये वॉशिंग्टनला जाताना विमानात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. आयुष्यभर बोलून उभ्या राहिलेल्या माणसाची वाचा. पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणूक होती आणि रुग्णालयात पडलेल्या सौंद यांना तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांनी जिंकून दिले. नोव्हेंबरात मात्र ते हरले. त्यांच्यासाठी मेरियन प्रचार करत होत्या, पण उमेदवार लोकांसमोर येऊ शकत नव्हता, आणि मतदारांना दोष देता येत नाही. त्यानंतर ते जवळजवळ अकरा वर्षे जगले. २२ एप्रिल १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या अकरा वर्षांत एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होत नाही. ऑक्टोबर १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि देशावर, वंशावर ठरणारी ती जुनी वाटणी गेली. शंभर माणसांचा तो आकडा गेला. विधेयक लावून धरणाऱ्यांत तेच इमॅन्युएल सेलर होते, १९२३ पासून सभागृहात बसलेले. आपल्यापैकी ज्यांचे काका, मामा सत्तरच्या दशकात एडिसनला, शिकागोला गेले, ते या दारातून गेले.

सौंद यांच्यानंतर भारतीय वंशाचा दुसरा माणूस प्रतिनिधिगृहात पोहोचायला २००५ साल उजाडले, ते लुइझियानाचे बॉबी जिंदाल. २०२२ साली मिशिगनमधून श्री ठाणेदार निवडून आले. ते तर बेळगावचे, मराठीतून आत्मचरित्र लिहिणारे. आपल्यातल्या अनेकांनी ते वाचलेही असेल.

२००५ सालीच कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला इथल्या टपाल कचेरीला सौंद यांचे नाव देण्यात आले, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनात त्यांचे तैलचित्र लागले. न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून तुमची मुले, नातवंडे दिवाळीत फोन करतील तेव्हा त्यांना सांगून ठेवा. वॉशिंग्टनला गेलीच तर पाहून येतील. आणि सखाराम गणेश पंडितांच्या घराण्यापैकी इकडे गुजरातेत कुणी असल्यास, किंवा कुणाला त्यांच्याविषयी जुने कागद, पत्रे माहीत असल्यास, अभ्यास गटातल्या कोणालाही भेटा. आम्ही शोधतो आहोत.

आरतीची वेळ झाली आहे. गणपती बाप्पा मोरया.